वकिलांचा शिणवटा आणि सहव्यावसायिकांचा आधार

जळगाव व धुळे येथील जिल्हा न्यायालयांत, तसेच अमळनेर, शिरपूर यांसारख्या तालुक्यांच्या न्यायालयांत, पक्षकार आपली चिंता वकिलाच्या स्वाधीन करून घरी जातो. वकिलाने मात्र ती कोठे उतरवावी? अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून उघड करण्यास भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ अन्वये मनाई आहे. हे बंधन योग्यच होय; परंतु त्याच्या आडोशाने वकील स्वतःच्या मनाविषयीही मौन पाळू लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणानुसार कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारा शिणवटा हा रोग नव्हे, तर व्यवसायाशी निगडित अवस्था आहे. शक्तिपात, कामाविषयी दुरावा वा कडवटपणा आणि कार्यक्षमता घटल्याची भावना ही तिची लक्षणे होत.

बार रूममध्ये रोज शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यास ती सहज ओळखता येतात. त्याने उपदेश न करता ऐकावे, ऐकलेले बाहेर नेऊ नये आणि पक्षकाराच्या संमतीने एखादी तारीख सांभाळावी. झोप, भीती, थकवा यांविषयी बोलण्यास अशिलाचे नाव घ्यावे लागत नाही.

त्रास वाढल्यास, विशेषतः जीव नकोसा वाटू लागल्यास, सहकाऱ्याने स्वतः सोबत राहून डॉक्टरांकडे न्यावे किंवा टेली-मानसच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर संपर्क साधून द्यावा. इतरांची बाजू मांडणाऱ्याचीही बाजू कोणीतरी ऐकलीच पाहिजे.