*आधी नाव की आधी धंदा?*



परवा आपल्या एका गटाचा फोन आला. "सर, सीताफळाच्या गराला चांगलं नाव सुचवा, डबे छापायला टाकायचेत." मी विचारलं, "गर ठेवणार कुठं? घेणार कोण?" उत्तर आलं, "ते बघू नंतर." म्हणून आजचा मेसेज.

*लिज्जतचं उदाहरण बघा*
१५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद पडलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. हलका-भारी असे दोन प्रकार न करता एकच चांगला दर्जा ठेवायचं ठरलं. 'लिज्जत' हे नाव आलं १९६२ मध्ये, तेही ५ रुपयांचं बक्षीस लावून! तोवर गिऱ्हाईक पापड ओळखत होतं.

*माझी चूक*
डिप्लोमा झाल्यावर मी मित्रासोबत तूरडाळीचा धंदा काढला. आधी नाव, लोगो आणि १ किलोचे २ हजार पाऊच छापले. गिऱ्हाईक म्हणालं, "वर्षाची डाळ भरायचीय, ५ किलोची पिशवी द्या." निम्म्याहून जास्त पाऊच अजून घरात पडून आहेत.

*आता आपलं सीताफळ*
डबे छापायच्या आधी ही ४ उत्तरं वहीत लिहा:
✅ फळ पिकलं की दोन-चार दिवसांत संपवावं लागतं. गर तापवला तर कडवट होतो, म्हणून उणे १८ ते २० अंशाला गोठवावा लागतो. ती सोय कुठं आणि काय भाड्यानं?
✅ कोण घेणार? आइस्क्रीमवाला, रबडीवाला की घरगुती गिऱ्हाईक? आइस्क्रीमवाल्याला छापील डबा लागतच नाही, त्याला मोठं पॅकिंग लागतं.
✅ १ किलो गराला किती फळ लागलं? स्वतः काढून, वजन करून बघा.
✅ मजुरी, वीज, वाहतूक धरून किलोला काय उरतं?

आधी थोडा माल साध्या डब्यात, फूड लायसन्सचा नंबर आणि तारखेचं लेबल लावून विका. तेच गिऱ्हाईक परत आलं, की नाव ठेवा.

*नाव ठेवताना*
🔸 'बीड सीताफळ' ला २०१६ मध्ये जीआय मिळालंय. ते कुणा एकाचं नाव नाही. पाकिटावर वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते.
🔸 'गोड सीताफळ' सारख्या सरधोपट नावाला ट्रेडमार्क मिळणं अवघड.
🔸 छापायच्या आधी ट्रेडमार्कच्या सरकारी वेबसाइटवर ते नाव कुणी घेतलंय का बघा.
🔸 कंपनी नोंदवताना नाव आधी द्यावंच लागतं, ते खरं. पण कंपनीचं नाव नोंदवलं म्हणजे ब्रँड आपला झाला, असं नसतं. ट्रेडमार्क वेगळा घ्यावा लागतो.

बारशाची घाई नको, आधी लेकरू तर होऊ द्या 😊

४ उत्तरं लिहिलेल्या पानाचा फोटो पाठवा. हिशोब आपण मिळून बसवू.

– आपला कृषी सल्लागार