तंजावरी चित्रातील उठावाची रेघ : नवशिक्यांसाठी पहिला पाठ

तंजावरचे देवचित्र ज्याने पाहिले आहे, त्याला प्रथम आठवते ते सोने. बाळकृष्णाच्या गळ्यातील हार, मखराची कमान, खांबांवरील वेलबुट्टी ही सारी सोन्याच्या वर्खाने मढविलेली आणि पृष्ठभागापासून किंचित उचललेली असतात. नवशिक्याची अशी समजूत असते की, हात कच्चा असला तरी वर्ख त्यावर पांघरूण घालील. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ठोकून काढलेला वर्ख साधारणपणे मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाएवढा पातळ असतो. खालची प्रत्येक खाच तो जशीच्या तशी वर आणतो आणि चकाकीमुळे ती अधिकच उघडी पाडतो. म्हणून प्रस्तुत पाठ सोन्याविषयी नसून सोन्याखालील पांढऱ्या रेघेविषयी आहे.

या चित्रांना तमिळ भाषेत ‘पलगै पडम्’, म्हणजे फळीवरील चित्र, असे म्हणतात. तंजावरास भोसल्यांचे राज्य १६७६ पासून होते, आणि या कलेला विशेष बहर आला तो दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या काळात. ज्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले आणि १८०३ मध्ये आपल्या वंशाचा इतिहास बृहदीश्वराच्या मंदिरात मराठीत कोरवून घेतला, तेच हे सरफोजी. चित्रकार मात्र बहुतांशी राजू नावाच्या तेलुगूभाषक समाजातील होते. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी पुरुष वारसावाचून निवर्तले आणि राज्य कंपनी सरकारच्या हाती गेले. दरबार उरला नाही. देवघरे उरली, आणि त्यांच्या आधारावर ही कारागिरी आजतागायत टिकली.

रेघ उचलावयाची कशासाठी, हा प्रश्न विद्यार्थ्याने आधी सोडवावा. सपाट सोने हे आरशासारखे असते. दिव्याचा प्रकाश ते एकाच दिशेला परत पाठविते. त्या दिशेत आपला डोळा नसेल तर तेच सोने काळपट दिसते. गोलसर रेघेचे तसे नाही. तिची पाठ कमानदार असल्यामुळे तिचा कोणता ना कोणता भाग दिव्याची तिरीप आपल्या डोळ्याकडे फेकतोच. समईच्या मंद, हलत्या उजेडात देवाचे दागिने लुकलुकतात ते यामुळे. अर्थात रेघेची पाठ सलग गोल असली पाहिजे. ती चपटी झाली की चमक तुटते.

आता तयारीकडे वळू. पूर्वी फणसाची फळी घेत. आज बहुधा प्लायवुड घेतात. तिच्यावर सुती कापड चिकटवून त्यावर खडूची भुकटी व खळ यांचे पातळ हात देतात आणि वाळल्यावर घोटून गुळगुळीत करतात. ही खळ पुष्कळदा चिंचोक्याची असते. आपल्याकडे घोंगडीला ताठपणा आणतात तीच. घोटण्यात आळस करू नये. पृष्ठभाग भुसभुशीत राहिला तर तो ओल्या रेघेतील पाणी केशाकर्षणाने शोषून घेतो आणि रेघ मध्येच खचते.

उठावाचा लेप खडूच्या वस्त्रगाळ भुकटीत डिंकाचे पाणी मिसळून करावा. किती पाणी, हे मापाने सांगण्यात फारसा अर्थ नाही. भुकटी व हवा यांप्रमाणे ते बदलते. कसोटी अशी की, कुंचल्याच्या टोकावरून लेपाचा थेंब फळीवर सोडावा. तो पसरून चपटा झाला तर लेप पातळ आहे. त्यावर शेंडी उभी राहिली तर घट्ट आहे. शेंडी दोन-तीन क्षणांत आपोआप विरून घुमटाकार थेंब उरला तर लेप जमला. घुमट घडविण्याचे काम पृष्ठताण करतो, आणि तो ढासळू न देण्याचे काम दाट लेपाचा प्रवाहाला होणारा विरोध करतो. या दोहोंचा तोल साधणे, एवढीच यातील किमया. लेप घोटताना फेस येऊ देऊ नये. हवेचा बुडबुडा वाळल्यावर सुईच्या टोकाएवढे छिद्र मागे ठेवतो.

पहिला सराव ठिपक्यांचा. मोत्यांची माळ काढावयाची आहे असे समजून एकसारखे ठिपके एका ओळीत ठेवावेत. ‘ठेवावेत’ हा शब्द मुद्दाम योजला आहे. कुंचल्याचे केस फळीला टेकता कामा नयेत. टेकावा तो फक्त लेप. येथेच बहुतेकांचा हात अडतो, कारण अक्षर लिहिताना दाब देण्याची सवय लागलेली असते. शंभर ठिपके सारखे येईपर्यंत रेघेकडे वळू नये.

रेघ म्हणजे चालता ठिपका. कुंचला भरून घ्यावा, लेपाचे टोक फळीला टेकवावे आणि मनगट नव्हे तर कोपरापासून हात सरकवावा. सावकाश गेल्यास रेघ जाड होते, वेगाने गेल्यास बारीक. हवेच्या दाबाने रंगाचा फवारा सोडणारा एअरब्रश शिकणाऱ्यालाही प्रारंभी असेच ठिपके व रेघा गिरवाव्या लागतात, आणि तेथेही रेघेची जाडी जोराने ठरत नाही. किती रंग सोडला, हात किती दूर धरला आणि किती वेगाने नेला, यांवर ती ठरते. सरळ रेघ साधली की वेलीची वळणे घ्यावीत आणि शेवटी हात वेगाने उचलून निमुळते टोक काढावे. कोयरीच्या आकारात हे तिन्ही हात एकत्र येतात. म्हणून सरावाला कोयरीसारखा दुसरा नमुना नाही.

उंची एका हातात गाठण्याचा मोह मात्र टाळावा. जाड थराची वरची साल आधी वाळून आकसते, आतला भाग ओलाच असतो. त्या ताणाने साल तडकते. म्हणून पातळ थर द्यावा, तो सावलीत पूर्ण वाळू द्यावा, मगच दुसरा. उन्हात वाळविण्याची घाई केल्यास भेगा हमखास पडतात.

काम वाळल्यावर वर्खास हात लावण्यापूर्वी खोली अंधारी करून दिवा फळीच्या एका बाजूस, अगदी खालच्या पातळीवर धरावा. समोरच्या उजेडात जे दोष दिसत नाहीत त्यांच्या लांब सावल्या या तिरप्या उजेडात पडतात. छिद्रे लेपाने बुजवावीत, टोके बारीक पॉलिशकागदाने घासावीत, भुकटी कोरड्या कुंचल्याने झाडावी आणि फळी फिरवून दुसऱ्या बाजूने हीच तपासणी पुन्हा करावी.