अंगावर गाडी घातली, आणि केसपेपरवर ‘अपघात’

राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिसे यांना ६ फेब्रुवारी २०२३ रोजी पेट्रोल पंपाजवळ एका जीपने उडवलं आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात उपचारांदरम्यान त्यांचा मृत्यू झाला. आधी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला, खुनाचं कलम नंतर लागलं. खटल्याची बाजू न्यायालय बघेल. मला बोलायचं आहे ते अशा हल्ल्यातून वाचणाऱ्यांबद्दल. बांधावरून, पार्किंगवरून किंवा घरातल्या भांडणातून कुणी अंगावर गाडी घातली, तर केसपेपरवर बहुतेक वेळा ‘रस्ता अपघात’ एवढंच उमटतं. हाड मोडलं ते मोडलं, कारण काहीही लिहा, असं आपल्याला वाटतं. माझं म्हणणं असं की कारण चुकीचं लिहिलं तर पुढचे उपचारही चुकतात.

याला पुरावा मनाच्या आजारांतून मिळतो. भयंकर प्रसंगानंतर जडणाऱ्या मानसिक आघाताच्या विकारावरील ३५ अभ्यासांचा आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अपघात, नैसर्गिक आपत्ती अशा हेतू नसलेल्या घटनांत या विकाराचं प्रमाण महिन्याभराने सुमारे ३० टक्के होतं, ते वर्षाअखेर १४ वर आलं. माणसाने माणसाला मुद्दाम इजा केली होती तिथे मात्र ते सुमारे १२ वरून २३ टक्क्यांवर गेलं. म्हणजे अपघातग्रस्त सहसा सावरत जातो, तर हल्ला झालेल्याचा त्रास प्लास्टर निघाल्यानंतरही वाढू शकतो. इंजिनाच्या आवाजाने दचकणं, रस्त्यावर पाऊल न टाकणं, झोप उडणं, विनाकारण चिडणं हे महिनाभरानंतरही टिकलं, तर ‘घाबरट झालाय’ म्हणून सोडून देऊ नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

शरीराचं दुखणंही उशिरा बोलतं. चाक अंगावरून गेलं की कातडी वरून शाबूत दिसते, पण आतून सुटलेली असू शकते. त्या पोकळीत रक्त-पाणी साचतं आणि काही आठवड्यांनी गाठ किंवा जंतुसंसर्ग पुढे येतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वयस्क माणसाच्या कवटीत हळूहळू रक्त साचून दोन-तीन आठवड्यांनी डोकेदुखी, गोंधळलेपण किंवा एका बाजूची अशक्तता दिसू शकते. कटिभागाचं हाड मोडलेल्यांना लघवीच्या आणि लैंगिक तक्रारी राहू शकतात. लाजेपायी त्या कुणी सांगत नाही. डोक्याच्या मारानंतर वास जाऊ शकतो. ताजा बांगडा आणि शिळा बांगडा नाकाला ओळखता येईना, तर मालवणात एखाद्या मासे विकणारीचा धंदाच बसेल. फेफरं तर काही वर्षांनीही येऊ शकतं.

आता नोंदीकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत गाडी घालून केलेल्या हल्ल्याला वाय ०३ हा स्वतंत्र संकेतांक आहे, हेतू ठरवता येत नसेल तर वाय ३२. हल्ल्याच्या दीर्घकालीन परिणामांना वाय ८७.१, मोटार अपघाताच्या परिणामांना वाय ८५.०. अमेरिकी आवृत्तीत तर नियमच आहे की हेतू लिहिलेला नसेल तर तो अपघात धरायचा. डॉक्टरांनी कोरी सोडलेली ओळही अशी एका बाजूला झुकते. आपल्याकडे मालवणच्या ग्रामीण रुग्णालयातून ओरोसला आणि तिथून बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात रुग्ण हलतो. पहिल्या कागदावरची चूक राज्याची हद्द ओलांडून सोबत जाते.

डॉक्टर हा काही पोलीस नव्हे, हा आक्षेप बरोबर आहे. पण हेतू सिद्ध करा असं त्याला कुणी सांगत नाही. ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार अमुक वेळी मुद्दाम गाडी अंगावर घातली’ एवढं लिहिणं म्हणजे निवाडा नव्हे, रुग्णाचा जबाब आहे. वैद्यकीय-कायदेशीर नोंद, म्हणजे एमएलसी, अपघातातही होते; तेव्हा कारण लपवून पोलीस टळतात हाही भ्रमच. दुसरा आक्षेप घरच्यांचा असतो: गावात राहायचं आहे, उगाच वैर नको. हा मला अधिक वजनदार वाटतो, कारण तो खरा आहे. तरी तक्रार करायची की नाही हे नंतर ठरवता येतं. पहिल्या तासाला सांगितलेली हकीकत महिन्याने बदलली, तर तिच्यावर विश्वास बसत नाही. पुढच्या नोंदींचंही तसंच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार पंधरा दिवस तीव्र वेदना होणं किंवा नेहमीची कामं करता न येणं हीदेखील गंभीर दुखापत ठरते. दुखत असूनही फेरतपासणीला गेला नाहीत, तर हे पंधरा दिवस कागदावर दिसणार कुठून?

म्हणून घरी सोडण्यापूर्वी डिस्चार्ज कार्डावरचं कारण वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचायला लावा. चुकलं असेल तर तिथेच दुरुस्ती मागा. आंतररुग्णाच्या नोंदी डॉक्टरांनी तीन वर्षं जपायच्या असतात आणि मागितल्यापासून ७२ तासांत द्यायच्या असतात. त्रास त्याहून जास्त काळ टिकू शकतो, तेव्हा प्रती आजच मागून घ्या.