जसे सांगितले तसे

माझी पुतणी पुण्यात भौतिकशास्त्र घेऊन एम.एस्सी.चा अभ्यास करते. आठवड्याचे पाच दिवस ती प्रयोगशाळेत गढलेली असते. शनिवारी मात्र ती अंध विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहात जाते, तेथील मुलांना पुस्तके वाचून दाखवते आणि त्यांच्या सराव-परीक्षेची उत्तरे लिहून देते. रविवार हा मैत्रिणींचा. गेल्या माघ महिन्यातले असे दोन दिवस तिने माझ्या घरी राहून काढले. त्या दोन दिवसांत ती जे शिकली आणि या वयात मीही जे शिकलो, ते तुम्हांला सांगावेसे वाटते.

अंध मुले ब्रेल लिपीत वाचतात, हे तुम्ही ऐकले असेल. ही लिपी फ्रान्समधील लुई ब्रेल याने तयार केली. त्याचा जन्म १८०९ साली झाला. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कामाच्या जागी खेळता खेळता त्याच्या डोळ्याला आरी लागली आणि पुढे त्याच्या दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. आपल्या लिपीचे पुस्तक त्याने १८२९ साली प्रसिद्ध केले. तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. या लिपीतील प्रत्येक खूण सहा टिंबांच्या चौकटीत बसते. सहा टिंबांतून ६३ निरनिराळ्या खुणा तयार होतात. टोचणीने कागद टोचला की उठाव मागच्या बाजूस येतो. म्हणून मुले उजवीकडून डावीकडे लिहितात आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचतात.

परंतु परीक्षेतील उत्तरे डोळस परीक्षकाला वाचता यावी लागतात. म्हणून अंध विद्यार्थी उत्तरे तोंडी सांगतो आणि लेखनिक ती लिहितो. दहावीच्या परीक्षेला खालच्या इयत्तेतील विद्यार्थी लेखनिक म्हणून बसतो. अशा रीतीने उत्तरे सांगण्याची सवय व्हावी, यासाठी माझी पुतणी मुलांकडून सराव करून घेते.

त्या शनिवारी ती दहावीतील एका मुलाजवळ बसली होती. प्रश्न होता : ‘ध्वनीचा वेग स्थायू, द्रव व वायू यांपैकी कशात सर्वांत जास्त असतो?’ मुलगा म्हणाला, “वायूत.” पुतणीच्या हाताने मात्र लिहिले, ‘स्थायूत’. तिला वाटले, एवढा हुशार मुलगा, एका शब्दासाठी त्याचा गुण कशाला जावा?

शेवटी तिने सगळी उत्तरपत्रिका वाचून दाखवली. मुलगा मध्येच म्हणाला, “ताई, थांबा. हे मी सांगितले नव्हते.”

“अरे, तुझी जीभ घसरली असेल,” ती म्हणाली.

“नाही ताई. मला तसेच वाटत होते. चूक माझी होती, पण ती तुम्ही मला कळूच दिली नाही. आणि उद्या मला चांगले गुण मिळाले, तर लोक म्हणतील, ते लेखनिकाचे आहेत. मग माझे काय उरले?”

पुतणी निरुत्तर झाली. तिने त्याची क्षमा मागितली, ते उत्तर खोडले आणि त्याने सांगितले होते तसे लिहिले. त्याचा एक गुण गेला. नंतर तिने त्याला बाकाच्या फळीवर कान टेकवायला सांगितले व दुसऱ्या टोकाला नखाने हळूच खरवडले. “किती स्पष्ट ऐकू येते!” तो म्हणाला. मग ध्वनी हवेतून दर सेकंदाला सुमारे ३४० मीटर, पाण्यातून सुमारे १,५०० मीटर आणि पोलादातून सुमारे ५,००० मीटर जातो, हे तिने त्याला समजावून सांगितले.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने ही हकीकत मला सांगितली. “काका, मी त्याला मदत केली असे मला वाटत होते,” ती म्हणाली. मी काही बोललो नाही. मुलगा वर्गात अडखळला की त्याचे वाक्य मीच पुरे करून टाकीत असे, ते मला आठवत होते. किती वाक्ये अशी मी हिरावून घेतली असतील, कोण जाणे!

रविवारी सकाळी तिच्या तीन मैत्रिणी आल्या. वसतिगृहाची परवानगी काढून तिने त्या मुलालाही बोलावून आणले होते. बेत नानखटाईचा होता. आमच्या लहानपणी दिवाळीपूर्वी आम्ही पीठ, तूप व साखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जात असू. आता घरातच विजेची भट्टी आहे. दोन वाट्या मैदा, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी तूप आणि थोडी वेलची असे साहित्य मांडले. नानखटाईत पाणी घालीत नाहीत. म्हणून ती चिवट न होता खुसखुशीत होते.

एक मैत्रीण त्या मुलाला म्हणाली, “तू आरामात बस हं, आम्ही करतो सारे.” पुतणीने काही न बोलता तुपाची परात त्याच्यासमोर ठेवली. तो तळहाताने तूप फेसू लागला. थोड्या वेळाने म्हणाला, “आता हलके झाले.” पाहतो तो खरोखरच तूप लोण्यासारखे पांढरेशुभ्र झाले होते!

पहिला पत्रा भट्टीत गेला आणि गप्पांना रंग चढला. कोणाचे घड्याळाकडे लक्ष राहिले नाही. मध्येच तो म्हणाला, “वास बदलला.” धावत जाऊन भट्टी उघडली, तो कडा नुकत्याच तांबूस होऊ लागल्या होत्या. सर्वांनी त्याच्या नाकाचे कौतुक केले. तो हसून म्हणाला, “माझे नाक तुमच्यासारखेच आहे. तुम्ही बोलत होता, मी लक्ष देत होतो.”

दुसऱ्या पत्र्यासाठी त्याने स्वतः गोळे वळले. त्यांतील एक बराच वेडावाकडा झाला होता. तो नीट करावा म्हणून पुतणीने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. मी ते पाहिले. भाजून झाल्यावर ती वेडीवाकडी नानखटाई तिने मला दिली. चवीला ती इतरांइतकीच गोड होती.

मुलांनो, दुसऱ्याला हात द्यावा. पण त्याचे काम त्याच्या हातून काढून घेऊ नये.

स्वाध्याय
१. ‘मग माझे काय उरले?’ असे मुलगा का म्हणाला?
२. पुतणीने पुढे केलेला हात मागे का घेतला?
३. मदत करताना तुमच्या हातून अशी चूक कधी झाली आहे काय? आठ-दहा ओळींत लिहा.
४. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा : गढून जाणे, निरुत्तर होणे, हिरावून घेणे, रंग चढणे.