फोडांचा आजार : पैसे कुठे वाचवा, कुठे वाचवू नका

तोंडातले छाले महिना उलटला तरी भरत नाहीत, अंगावर पाण्याचे फोड येतात आणि फुटून कातडी सोलते. अशा वेळी नागीण समजून लेप-उताऱ्यांत आठवडे घालवू नका. हा पेम्फिगस किंवा पेम्फिगॉइड असू शकतो. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटते, तो हा आजार. तो कुणाला लागत नाही, भांडी वेगळी करू नका.

कुठे जाल? सरकारी किंवा महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयाची त्वचारोग ओपीडी सर्वांत स्वस्त : मुंबईत केईएम, सायन, नायर, जे. जे.; पुण्यात ससून; नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (मेडिकल). सकाळी लवकर केसपेपर काढा. सोबत आधार, रेशनकार्ड, जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची पाकिटे न्या. पाकिटे महत्त्वाची, कारण मधुमेहाच्या व्हिल्डाग्लिप्टिनसारख्या काही गोळ्यांचा पेम्फिगॉइडशी संबंध आढळला आहे. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.

निदानासाठीच्या बायोप्सीत पैसे दोनदा जाऊ शकतात. त्वचेचे दोन तुकडे लागतात. एक फॉर्मेलिनमध्ये जातो. दुसरा, इम्युनोफ्लुरोसन्स तपासणीचा, फॉर्मेलिनमध्ये पडला की वाया गेला. तपासणी पुन्हा, बिल पुन्हा. आधीच विचारा : दोन्ही नमुने घेणार का, दुसऱ्यासाठी वेगळे द्रावण आहे का, बाहेरगावच्या लॅबचा खर्च यातच धरला आहे का?

स्टेरॉइडच्या गोळ्या स्वस्त आहेत. जनऔषधी केंद्रात आणखी स्वस्त. मोठा खर्च रिटुक्सिमॅब इंजेक्शनचा. नेहमीची मात्रा एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी पुन्हा एक ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार कुप्या. भारतीय कंपन्यांची बायोसिमिलर मिळतात. कुपीची छापील किंमत आणि प्रत्यक्ष किंमत यांत फरक असतो, दोन-तीन ठिकाणी भाव काढा. लेखी अंदाजपत्रक मागा आणि त्यात डे-केअर बेड, सलाईन, डॉक्टरांची फी, इंजेक्शनआधीच्या हिपॅटायटिस बी, एचआयव्ही व क्षयाच्या तपासण्या आहेत का ते पाहा. ड्रेसिंगचा खर्च बहुतेक वेळा अंदाजपत्रकाबाहेर राहतो.

मदत कुठे? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमचा उपचार पॅकेजमध्ये बसतो का, हे दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा (हेल्पलाइन १५५३८८). धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखीव असतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लागते. आरोग्य विमा असेल तर रिटुक्सिमॅबसारख्या मोनोक्लोनल अँटिबॉडी इंजेक्शनची मर्यादा किती, ते पॉलिसीत वाचा.

आता जिवाच्या धोक्याविषयी. स्टेरॉइड येण्यापूर्वी पेम्फिगसचे बहुतेक रुग्ण दगावत. आज बहुतेक जगतात. जे वाचत नाहीत, ते मुख्यतः जंतुसंसर्गाने जातात : उघड्या जखमांतून रक्तात शिरलेला किंवा न्यूमोनिया. औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेली असते, म्हणून ताप आला की त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पेम्फिगॉइड बहुधा सत्तरीपुढच्यांना होतो आणि त्यांच्यात पक्षाघात, स्मृतिभ्रंश, पार्किन्सन हे आजार अधिक आढळतात. त्यांना स्टेरॉइडच्या गोळ्यांची मोठी मात्रा झेपत नाही. फ्रान्समधल्या २००२ च्या अभ्यासात आजार खूप पसरलेले जे रुग्ण क्लोबेटासोल हे स्टेरॉइडचे मलम लावत होते, ते गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा अधिक जगले. मलमाने भागेल का, हे विचाराच. मात्र अंगभर लावायचे तर दिवसाला ४० ग्रॅमपर्यंत लागते. ट्यूबचा महिन्याचा हिशेब आधी मांडा.

म्हणून काटकसर इथे करू नका : साखर, रक्तदाब, रक्तपेशी, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या, डोळे, हाडे. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांनी दिले असेल तर चालू ठेवा. फ्लू आणि न्यूमोनियाची लस शक्यतो रिटुक्सिमॅबच्या आधी घ्या. फोड सुकले म्हणून स्टेरॉइड एकदम थांबवू नका; मात्रा हळूहळू उतरवायची असते, तीही डॉक्टरांच्या सांगण्यानेच. तपासणीचे वाचवलेले पैसे आयसीयूच्या एका दिवसालाही पुरत नाहीत.