नोकरी गेल्यावर हातात काय उरतं?

प्लेसमेंटच्या दिवसांत नोकरी जाण्याबद्दल लिहिणं म्हणजे लग्नघरात घटस्फोटाचा विषय काढण्यासारखं आहे, याची मला कल्पना आहे. तरीही लिहितोय. नोकरी मिळवायची कशी हे आपल्याला चार वर्षं शिकवतात. ती गेल्यावर दुसऱ्या कामात शिरायचं कसं, यावर एकही पेपर नाही. मुंबईत मात्र या विषयाचं भलंमोठं प्रॅक्टिकल होऊन गेलंय.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. पुढे एकेक गिरणी बंद होत गेली. त्या अडीच लाखांत माझे आजोबा होते, आणि आमच्याच चाळीतले त्यांचे एक मित्रही. दोघांची गिरणी एकच, खाती वेगळी.

आजोबा विणकर. चार साचे, म्हणजे लूम, एकटे सांभाळायचे. साध्या लूमवर ताण्याचा धागा तुटला तर मशीन आपोआप थांबत नाही, विणकरालाच ते हेरावं लागतं. कांडीतलं सूत संपायच्या आत ती बदलावी लागते. आवाज जरा बदलला की कुठल्या साच्यात काय बिघडलंय हे आजोबा पाठमोरे उभे राहून सांगायचे म्हणे. आपण आज व्हायब्रेशन ॲनालिसिस म्हणून शिकतो तेच हे, फक्त सेन्सर म्हणजे माणसाचा कान!

मित्र बॉयलरवर होते. त्यांच्याकडे बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट होतं, परीक्षा देऊन मिळवलेलं. १९२३ च्या बॉयलर कायद्याखालच्या नियमांनुसार असा प्रमाणित माणूस असल्याशिवाय बॉयलर चालवता येत नसे, मग कारखाना कापडाचा असो की औषधांचा. वाफेला काय, सूत सुकवायचंय की गोळ्यांची पावडर, काही फरक पडत नाही. संपानंतर वर्षभरात ते अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत लागले. पगार थोडा कमी, पण काम तेच.

आजोबा भिवंडीला गेले. पॉवरलूमवर बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर, फंड नाही. दोन वर्षांत ते सोडून एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन झाले. त्यांचं कसब मित्रापेक्षा कमी होतं असं मला बिलकुल वाटत नाही. पण ते फक्त त्यांच्या जॉबरला माहीत होतं. गेटबाहेरच्या माणसाला ते कळेल असा एकही कागद त्यांच्याजवळ नव्हता.

आणखी एक गोष्ट. आजीची छोटी खानावळ होती. आपण ज्याला ‘प्लॅन बी’ म्हणतो तोच. पण जेवणारे सगळे गिरणीतलेच! संप लांबला तसे ते कोकणात आपापल्या गावी गेले आणि खानावळही बसली. म्हणजे जोडधंदा होता, पण तोही त्याच चिमणीच्या धुरावर चालत होता. सॉफ्टवेअरमधली नोकरी गेली तर सॉफ्टवेअरवाल्यांनाच फ्लॅट भाड्याने देईन, असं म्हणणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

आता आपल्याकडे वळू. एखाद्या कंपनीच्या स्वतःच्याच सिस्टिमवर पाच वर्षं काम केलं, तर त्यातलं बाहेर किती चालेल हे तिथे असतानाच तपासायला हवं. मेकॅनिकलवाल्यांसाठी बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा आहे, ऊर्जा लेखापरीक्षकाची आहे. दोन्ही कंपनीच्या नावावर नाहीत, आपल्या नावावर राहतात. अनुभवाचं पत्र घेतानासुद्धा ‘समाधानकारक काम केले’ एवढ्यावर भागवू नका. कुठली मशीन, किती क्षमतेची, आपल्याकडे काय जबाबदारी होती, हे त्यात लिहून घ्या.

नवीन शिकायला पैसे कोण देणार? १९९२ साली केंद्र सरकारने नॅशनल रिन्युअल फंड काढला होता. पुनर्प्रशिक्षण हाही त्याचा हेतू होता, पण बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्ती देण्यातच गेला. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यात कामगारकपात झाल्यास मालकाने पुनर्कौशल्य निधीत १५ दिवसांचा पगार भरायचा आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा, अशी तरतूद आहे. पंधरा दिवसांच्या पगारात माणूस काय नवीन शिकणार, हे ज्याचं त्यानेच ठरवावं. शिवाय संहितेतल्या ‘कामगार’ या व्याख्येत मुख्यतः व्यवस्थापकीय काम करणारे बसत नाहीत, आणि महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त पगाराचे सुपरवायझरही नाहीत. आपल्यातले कितीतरी जण ‘असिस्टंट मॅनेजर’ म्हणूनच लागतील. वाद झालाच तर कोर्ट नुसतं पदनाम बघत नाही, प्रत्यक्ष काम बघतं. म्हणून ऑफर लेटरबरोबर कामाचं लेखी वर्णनही मागून घ्या, आणि नोटीस पिरियडची ओळ सही करण्याआधी वाचा.