अग्निबाण आणि हवेचा दाब

सोलापूर ही उद्योगपती वालचंद हिराचंद यांची जन्मभूमी. त्यांचा जन्म १८८२ साली झाला. त्यांच्या नावाने वसलेल्या, इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांची पोलादी कवचे घडविण्यात आली आहेत. पूर्व किनाऱ्यावरील श्रीहरिकोटा येथून हे अग्निबाण आकाशात झेपावतात.

समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम असतो. साडेपाच किलोमीटर उंचीवर तो जवळजवळ निम्मा होतो. आणखी वर हवा इतकी विरळ होते की, तेथे पक्ष्याला आधारच मिळत नाही. मग अग्निबाणाचे बळही ओसरत असेल काय?

अग्निबाण हवेला रेटून वर चढतो, असे पुष्कळांना वाटते. पण ते खरे नाही. तलावातील नावेतून काठावर उडी मारली की नाव मागे सरते. त्याचप्रमाणे अग्निबाण जळालेले वायू वेगाने खाली फेकतो व स्वतः वर जातो.

हवेची त्याला मदत होत नाही. उलट अडचणच होते. हवा त्याला चहूकडून दाबते. पण खालच्या मुखातून वायू बाहेर पडत असल्यामुळे तेथे तिचा दाब पोहोचत नाही. त्यामुळे वरून पडणारा दाब शिल्लक राहतो आणि रेटा तेवढा घटतो. हवा विरळ झाली की तेवढ्याच इंधनातून अधिक रेटा मिळतो. १९६९ साली मानवाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न ५ या अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यातील इंजिनांचा रेटा जमिनीपेक्षा निर्वातात सुमारे एक-सप्तमांशाने अधिक होता.

इंजिनाचे मुख नरसाळ्यासारखे असते. उंचावर ते रुंद असावे लागते. कारण त्यात वायू पुरते पसरून अधिक वेग घेतात. परंतु तेच मुख जमिनीवर वापरले, तर बाहेरची दाट हवा आत घुसते, वायूंचा प्रवाह भिंतीपासून सुटतो आणि इंजिन हादरून मोडण्याचा धोका असतो. इस्रोच्या सीई-२० इंजिनाच्या मुखाचे क्षेत्रफळ त्याच्या गळ्याच्या १०० पट आहे. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी महेंद्रगिरी येथे जमिनीवर त्याची चाचणी घेताना मुखाच्या रक्षणासाठी खास योजना करावी लागली. म्हणून एकाच अग्निबाणात खालच्या टप्प्याचे मुख आटोपशीर, तर वरच्या टप्प्याचे रुंद ठेवतात.

स्वाध्याय

१. अग्निबाण हवेला रेटून चढत नाही, हे नावेच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

२. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच आहे. एकच इंजिन सोलापुरास व श्रीहरिकोटा येथे चालविले, तर अधिक रेटा कोठे मिळेल? का?